नोकोदाईला निघालात? मग हे वाचून निघा

नोकोदाई या जपानमधल्या विद्यापीठासाठी लिहिलेल्या माझ्या अर्जाच्या पहिल्या मसुद्यात मी मुळ्याच्या नाचाचं तोंड भरून कौतुक केलं होतं. तुमचे विद्यार्थी दोन्ही हातांत पांढरे मुळे घेऊन नाचतात, शेतीवरचं असं प्रेम मी कुठं पाहिलं नाही, वगैरे. पाठवण्याआधी तो परभणीच्या एका सीनियरला दाखवला म्हणून वाचलो. त्यानं दुसऱ्या परिच्छेदापर्यंत धीर धरला आणि म्हणाला, "अरे बाबा, मुळे नाचवणारे ते दुसरे!"

ते दुसरे म्हणजे नोदाई. मी निघालो होतो नोकोदाईला. मध्ये फक्त एक 'को', पण त्या 'को'त सगळं आलं.

मी बीड जिल्ह्यातला. घरी दोन एकर तुती. अण्णा वर्षाला रेशीम किड्यांच्या पाच-सहा बॅच घेतात, कोष जालन्याच्या बाजारात जातात. बी.एस्सी. अॅग्री परभणीला झालं आणि मास्टर्सला टोकियोजवळच्या या विद्यापीठात गेलो. जायच्या आधीच्या दीड वर्षात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितोय. लेख मुख्यतः मास्टर्स-पीएच.डी.ला जाणाऱ्यांसाठी आहे. बारावीनंतर थेट जायचं असेल, तर तिथलं पदवीचं शिक्षण जपानीतून चालतं हे लक्षात घ्या. आधी भाषा, मग परदेशी विद्यार्थ्यांसाठीची परीक्षा, हा वेगळाच दोन वर्षांचा रस्ता आहे.

१. आधी नाव घोटून घ्या

पूर्ण नाव टोकियो नोको दाईगाकू. 'नो' म्हणजे शेती, 'को' म्हणजे तंत्र किंवा अभियांत्रिकी, 'दाईगाकू' म्हणजे विद्यापीठ. तोंडी सगळे नोकोदाई म्हणतात. हे राष्ट्रीय विद्यापीठ, म्हणजे सरकारच्या पैशावर चालणारं. २००४ पासून जपानच्या इतर राष्ट्रीय विद्यापीठांसारखं तेही स्वायत्त महामंडळ झालं. विद्यार्थी सगळे मिळून सुमारे ६ हजार. आपल्या विद्यापीठांच्या मानानं लहान, आणि माझ्या मते तेच त्याचं बळ. जेवणाच्या हॉलमध्ये प्राध्यापक शेजारी येऊन बसतात.

नोदाई म्हणजे टोकियो नोग्यो दाईगाकू. ते खासगी, सेतागाया भागात, आणि मुळ्याचा नाच त्यांचा. त्याशिवाय टोकियो विद्यापीठाचाही स्वतःचा कृषी विभाग आहे. गूगलवर इंग्रजीत शोधलं की तिघांची पानं एकात एक मिसळून येतात. फी एकाची, तारीख दुसऱ्याची आणि प्राध्यापक तिसऱ्याचा अशी वही तयार होते. माझी झाली होती.

२. इतिहास वाचा, कारण तोच नकाशा आहे

'आमच्या विद्यापीठाचा गौरवशाली इतिहास' असलं पान आपण सगळेच ओलांडून पुढं जातो. इथं तसं करू नका. कोणता विषय कोणत्या आवारात, रेशमाचा माणूस शेतीकडे बसतो की इंजिनिअरिंगकडे, यंत्र आणि माती एकाच विद्यापीठात कशी, याचं उत्तर त्या पानात आहे. हे विद्यापीठ म्हणजे दोन शाळा आहेत. एक शेताची, एक कोषाची.

दोन्हींचा जन्म १८७४ चा, आणि एकाच जागी. टोकियोत नाइतो-शिंजुकू नावाच्या ठिकाणी सरकारचं कृषी प्रयोगक्षेत्र होतं. आज तिथं शिंजुकू ग्योएन ही बाग आहे, चेरीच्या बहरात लोक चटया टाकून बसतात ती. तिथं शेती शिकवायची एक शाळा ठरली आणि रेशीम किड्यांवर प्रयोग करणारा एक छोटा विभाग निघाला.

शेतीची शाळा कोमाबा इथं गेली. जानेवारी १८७८ मध्ये तिचं उद्घाटन झालं तेव्हा सम्राट मेइजी स्वतः हजर होते. त्या काळचे बलाढ्य मंत्री ओकुबो तोशिमिची यांनी आपल्याला मिळणारं मानधन या शाळेला दिलं. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांची हत्या झाली. सुरुवातीचे शिक्षक इंग्रज होते, त्यातले रसायनशास्त्राचे एडवर्ड किंच. पण इंग्लंडची शेती गव्हाची आणि मेंढ्यांची, जपानची चिखलातल्या भाताची. मग जर्मन आले. १८८१ मध्ये आलेल्या ओस्कार केल्नर यांनी भाताच्या खतांवर इतकं काम केलं, की कोमाबात आजही एक छोटं भातखाचर 'केल्नरचं शेत' म्हणून राखलंय.

१८८६ मध्ये या शाळेत वनशाळा मिसळली आणि १८९० मध्ये हे सगळं इम्पिरियल विद्यापीठात गेलं. इथं गोष्टीला फाटा फुटतो. इम्पिरियल विद्यापीठात कृषीचे दोन थर झाले. वरचा पंडितांचा, खालचा 'जिक्का', म्हणजे हातानं काम शिकणाऱ्यांचा. वरचा थर पुढं टोकियो विद्यापीठाचा कृषी विभाग झाला. खालच्या थरानं वर्षानुवर्षं वेगळं होण्याची मागणी लावून धरली आणि १९३५ मध्ये फुचू इथं स्वतंत्र उच्च कृषी-वन शाळा मिळवली. नोकोदाईचा शेतीचा अर्धा भाग तो हाच. तिथल्या एखाद्या प्राध्यापकानं पहिल्या भेटीत तुमचे तळहात पाहिल्यासारखं केलं, तर त्याचं मूळ इथं आहे असं मी गमतीनं म्हणतो.

आता कोषाची शाळा. मेइजी काळात कच्चं रेशीम ही जपानची सगळ्यात मोठी निर्यात होती. जहाजं, यंत्रं, तोफा यांचे पैसे बऱ्याच अंशी किड्याच्या लाळेतून आले. १९०९ च्या सुमारास जपाननं चीनला मागं टाकलं. एवढा मोठा धंदा एका रोगानं बसू शकतो, हे युरोपात दिसलं होतं. तो रोग पेब्रिन. ज्यांच्या घरी रेशीम किड्यांची शेड आहे त्यांना या शब्दावर काटा येईल. म्हणून १८८४ मध्ये सरकारनं रेशीम किड्यांच्या रोगांची प्रयोगशाळा काढली. १८८६ मध्ये ती निशिगाहाराला गेली, १८९६ मध्ये तिथं रेशीम प्रशिक्षण संस्था झाली आणि १९१४ मध्ये टोकियो उच्च रेशीम शाळा. अंडी घातलेली मादी खलून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, पेब्रिनचे बीजाणू दिसले की तिची अंडी टाकून द्यायची, ही पाश्चरची रीत. आज आपल्याला निर्धोक अंडीपुंज मिळतात ते याच रीतीमुळे.

१९४० मध्ये ही शाळा कोगानेईला आली. तोवर नायलॉन बाजारात उतरलं होतं. १९४४ मध्ये तिच्या नावातून 'रेशीम' गेलं आणि 'तंतू' आलं. १९४९ मध्ये दोन्ही शाळा जोडून आजचं विद्यापीठ झालं, शेती विभाग आणि तंतू विभाग असं. १९६२ मध्ये तंतू विभागाचं नाव बदलून अभियांत्रिकी ठेवलं. कोषाची शाळा इंजिनिअरिंग कॉलेज कशी होते, असा प्रश्न मलाही पडला होता. धागा काढायचा तर यंत्र लागतं, तिथून मेकॅनिकल. धाग्याचं प्रथिन समजून घ्यायचं तर पॉलिमर रसायन. रंगवायचं तर उपयोजित रसायन. किडा गेला, पण त्याच्याभोवती जमलेलं शास्त्र राहिलं.

आपल्याशी असलेला धागाही सांगतो. १९९१ पासून जपानच्या जायका संस्थेनं कर्नाटकात बायव्होल्टाइन, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या किड्यांच्या, रेशमाचा प्रकल्प चालवला. त्याच काळात म्हैसूरच्या केंद्रीय संस्थेत सीएसआर-२ आणि सीएसआर-४ सारखे वाण तयार झाले. मराठवाड्यातल्या शेडमध्ये चंद्रिकेवर, म्हणजे अळ्या कोष विणतात त्या जाळीवर, जे पांढरेशुभ्र कोष लागतात, त्यांच्या मागं हा जपानी हात आहे. मुलाखतीत मी हे बोललो तेव्हा समोरच्यांच्या माना हलल्या. मुळ्याच्या नाचानं हलल्या नसत्या.

३. आज काय कुठं शिकवतात

फुचू म्हणजे शेती, कोगानेई म्हणजे अभियांत्रिकी. मुख्य नियम एवढाच.

फुचूच्या कृषी विभागात पाच शाखा: जैविक उत्पादन, उपयोजित जीवशास्त्र, पर्यावरण व नैसर्गिक संसाधनं, प्रदेश-परिसर विज्ञान, आणि पशुवैद्यक. पशुवैद्यक सहा वर्षांचं, २०१२ पासून इवाते विद्यापीठाबरोबर संयुक्तपणे चालतं. आवारातच शेत, जनावरं आणि प्राण्यांचं रुग्णालय.

कोगानेईत २०१९ च्या फेररचनेनंतर सहा शाखा आहेत: जैवतंत्रज्ञान, वैद्यकीय अभियांत्रिकी, उपयोजित रसायन, रासायनिक-भौतिक अभियांत्रिकी, यंत्रप्रणाली, आणि विद्युत-संगणक.

खरी गल्लत मास्टर्स-पीएच.डी.च्या पातळीवर होते. कृषी आणि अभियांत्रिकी यांच्या पदव्युत्तर शाळा आहेतच. तिसरी 'बेस', १९९५ ची, जीवशास्त्र आणि अभियांत्रिकी यांच्या सांध्यावरची. आणि कृषीतली पीएच.डी. वेगळ्याच शाळेत होते, तिचं नाव संयुक्त कृषी पदव्युत्तर शाळा. १९८५ पासून ती नोकोदाई, इबाराकी आणि उत्सुनोमिया या तीन विद्यापीठांची मिळून आहे. म्हणजे मास्टर्स एका शाळेत केलं आणि त्याच सेन्सेईंकडे, म्हणजे प्राध्यापकांकडे, त्याच टेबलावर पीएच.डी. चालू ठेवली, तरी अर्ज नव्या शाळेत नव्यानं करावा लागतो, प्रवेश परीक्षेसकट. हे पुष्कळांना शेवटच्या सेमिस्टरला कळतं.

इथल्या संशोधनाची एक गोष्ट सांगतो, कारण ती पुष्कळ मराठी घरांत रोज रात्री गोळीच्या रूपात असते. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, शोधणारे आकिरा एन्दो इथं शिकवत होते. त्यांनी सान्क्यो कंपनीत असताना सुमारे ६ हजार सूक्ष्मजीव तपासून १९७३ मध्ये एका बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. नोकोदाईत आल्यावर १९७९ मध्ये त्यांनी मोनास्कस नावाच्या लाल बुरशीतून मोनाकोलिन-के मिळवलं. लोवास्टॅटिन ते हेच. अण्णांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग बुरशीचंच औषध घेतोय होय मी?"

४. आधी सेन्सेई, मग अर्ज

आपल्याकडे आधी प्रवेश मिळतो आणि मग गाईड मिळतो. तिथं उलटं. एखाद्या प्राध्यापकानं 'ये, माझ्या लॅबमध्ये जागा आहे' असं म्हटल्याशिवाय बाकीचे कागद पुढं सरकत नाहीत.

मी पहिल्या रात्री अकरा जणांना एकच मेल पाठवला. 'रिस्पेक्टेड सर, आय अॅम व्हेरी हार्डवर्किंग.' उत्तर शून्य. पुढं तिथं गेल्यावर कळलं की त्यातले दोघे एकाच मजल्यावर समोरासमोर बसतात. त्यांनी तो मेल एकमेकांना दाखवला असणार, ही कल्पना आजही रात्री छळते.

चाललेला मेल असा होता. पहिल्या ओळीत सेन्सेईंचं आडनाव आणि पुढं सेन्सेई, 'सर' नाही. दुसऱ्या ओळीत त्यांच्या कोणत्या शोधनिबंधातली कोणती आकृती मला अडली. मग माझा प्रश्न: एप्रिलमध्ये आमच्या शेडचं तापमान चाळिशीला टेकतं, पाचव्या अवस्थेतल्या अळीला पंचवीसच्या आसपास हवं असतं, अशा उन्हात कोष कातण्याआधी मरणाऱ्या अळ्यांत नेमकं काय बिघडतं? खाली तीन वर्षांच्या आमच्या बॅचच्या नोंदी. शंभर अंडीपुंजांना किती किलो कोष, कुठल्या महिन्यात किती मर. अण्णांच्या वहीतून उतरवलेल्या. मेल वीस ओळींचा. उत्तर चौथ्या दिवशी आलं.

त्यावरून तीन गोष्टी सांगतो. एका वेळी एकालाच लिहा आणि दोन आठवडे थांबा. निवृत्तीला किती वर्षं उरलीत ते बघून घ्या, कारण बहुतेक ठिकाणी पासष्टीला लॅब बंद होते आणि तुमची पीएच.डी. अधांतरी लटकते. आणि संशोधन आराखडा दोन पानांचा, स्वतः लिहिलेला द्या. ऑनलाइन मुलाखतीत त्यातल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येतो.

५. दार कोणतं?

तीन दारं आहेत.

पहिलं, मेक्स्ट शिष्यवृत्ती, दूतावासाच्या शिफारशीनं. जुने लोक हिला मोनबुशो म्हणतात. जपान सरकारची, वय ३५ च्या आत. जाहिरात साधारण उन्हाळ्यात येते, मग कागद, लेखी परीक्षा, मुलाखत. पहिली निवड झाली की तुम्ही विद्यापीठाकडून तात्पुरत्या स्वीकृतीचं पत्र मागायचं. सेन्सेईंशी ओळख आधीच झालेली असेल तर हे पत्र सोपं, नाहीतर तो महिना फार वाईट जातो. फी माफ, विमानाचं तिकीट आणि महिन्याला १ लाख ४३ ते ४५ हजार येनच्या घरात विद्यावेतन.

दुसरं, तीच शिष्यवृत्ती पण विद्यापीठाच्या शिफारशीनं. इथं मार्क आडवे येतात. मेक्स्टच्या मोजणीत ३ पैकी किमान २.३० लागतात. आपल्या कृषी विद्यापीठांची मोजणी १० पैकी असते, म्हणून ग्रेडिंग पद्धतीचा अधिकृत कागद जोडा. नाहीतर समोरचा स्वतःच्या मनानं हिशेब करतो.

तिसरं, स्वतःच्या पैशानं. राष्ट्रीय विद्यापीठांची प्रमाण फी वर्षाला ५,३५,८०० येन, प्रवेश फी एकदाच २,८२,००० येन, पदव्युत्तर परीक्षेची फी ३०,००० येन. विद्यापीठांना यापेक्षा जास्त फी ठेवता येते आणि टोकियोतल्या अनेकांनी ती वाढवलीय, तेव्हा ज्या वर्षी जाणार त्या वर्षीचं पत्रक उघडा, दोन वर्षं जुना ब्लॉग नव्हे. फीमाफीसाठी अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं धरून कर्ज काढू नका.

या तिसऱ्या दारात 'केनक्यूसेई' नावाची एक पायरी आहे. सहा महिने किंवा वर्षभर लॅबमध्ये बसायचं, पदवी नाही, दरम्यान प्रवेश परीक्षेची तयारी. फी महिन्याला २९,७०० येनच्या प्रमाणानं. एजंट हिलाच 'अॅडमिशन झालं' म्हणून विकतात. माझ्या ओळखीच्या एकाला एका एजंटनं दीड लाख रुपये घेऊन एवढंच करून दिलं आणि तो पेढे वाटून बसला. परीक्षा अजून व्हायची होती.

६. कागद

हे गोळा करायला चार महिने धरा:

- पदवी प्रमाणपत्र, नसेल तर प्रोव्हिजनल. दीक्षान्त समारंभ लांबला तर मूळ पदवी वर्षभर मिळत नाही, म्हणून प्रोव्हिजनल आधीच काढून ठेवा.
- सर्व सेमिस्टरचं ट्रान्सक्रिप्ट, बंद लिफाफ्यात, सही लिफाफ्याच्या जोडावर. एक नाही, तीन प्रती.
- ग्रेडिंग पद्धतीचा कागद.
- शिफारसपत्रं दोन. 'तो सभ्य आहे' असं लिहिणारी नकोत. ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलंय त्यांची घ्या.
- इंग्रजी चाचणीचा निकाल. कोणती चालते ते त्या शाळेच्या पत्रकात बघा.
- संशोधन आराखडा.
- पासपोर्ट, आणि ४.५ × ३.५ सेंटिमीटरचे फोटो. आपल्या स्टुडिओतला 'पासपोर्ट साइज' बसेलच असं नाही, मापून घ्या.
- आरोग्य तपासणीचा नमुना, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह.
- स्वखर्चानं जाणाऱ्यांसाठी बँकेचा शिल्लक दाखला आणि खर्च उचलणाऱ्याच्या उत्पन्नाचे कागद. शेती उत्पन्नाचा तहसीलचा दाखला इंग्रजीत भाषांतर करून, नोटरी करून. कोषविक्रीच्या पावत्या मी जोडल्या होत्या, त्या चालल्या.

यातला सगळ्यात मोठा सापळा आपल्या नावाचा आहे. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढं, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं मिळून, आडनाव वेगळं. विद्यापीठाच्या कागदावर तिसराच क्रम. जपानी कारकुनाच्या दृष्टीनं ही तीन माणसं असतात. त्यात कुणी 'बाबासाहेब' एका कागदावर जोडून, दुसऱ्यावर तोडून लिहिलेलं असलं तर चार. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा आणि 'या सर्व नावांची व्यक्ती एकच' असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरी करून प्रत्येक संचाला लावा. आमच्या तालुक्याला तेव्हा शंभराच्या स्टॅम्पवर झालं. ते नसतं तर काय झालं असतं, हे मला एका मित्राच्या उदाहरणावरून ठाऊक आहे. त्याचं एक सेमिस्टर गेलं.

७. सीओई आणि व्हिसा

प्रवेश झाला की विद्यापीठ तुमच्या वतीनं जपानच्या इमिग्रेशनकडे पात्रता प्रमाणपत्र मागतं, त्याला सगळे सीओई म्हणतात. एक ते तीन महिने लागतात. आता ते ईमेलनंही येतं, पूर्वी कुरियरची वाट बघत दारात बसावं लागे. ते जारी झाल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत जपानात पाऊल ठेवायचं. मेक्स्टवाल्यांना हे लागत नाही, त्यांचा व्हिसा दूतावासाकडून सरळ होतो.

व्हिसा हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. गावाकडून सत्काराची तारीख विचारतील. सांगू नका.

८. पहिले पंधरा दिवस

नारिता किंवा हानेदा विमानतळावरच निवास कार्ड मिळतं. त्याच वेळी अर्धवेळ कामाच्या परवानगीचा फॉर्म द्या. आठवड्याला २८ तासांची मुभा मिळते. तिथं चुकलं तर नंतर इमिग्रेशन कार्यालयाच्या रांगेत अख्खा दिवस जातो.

आता स्टेशनं. यावर मी एक तास घालवलाय, तेव्हा लक्ष देऊन वाचा. कोगानेईच्या आवाराचं स्टेशन हिगाशी-कोगानेई, चुओ लाइनवर. मुसाशी-कोगानेई हे पुढचं स्टेशन. हाना-कोगानेई तर वेगळ्याच कंपनीच्या लाइनवर, दुसऱ्या शहरात. आणि शिंजुकूहून 'विशेष जलद' गाडीत चढलात तर ती मिताकानंतर थेट कोकुबुंजीला थांबते, तुमचं स्टेशन खिडकीतून बघत बसा. साध्या जलद गाडीनं जा. फुचूच्या आवाराला किता-फुचू, मुसाशिनो लाइनवर. फुचू हे केइओ लाइनचं स्टेशन आणि फुचू-होनमाची आणखी निराळं. किता-फुचूला उतरलं की तोशिबाचा कारखाना, आणि जवळच फुचूचा तुरुंग. १९६८ मध्ये याच तुरुंगाच्या बाजूच्या रस्त्यावर एकानं मोटारसायकलवरच्या पोलिसाचं सोंग करून त्या कारखान्याच्या बोनसचे सुमारे ३० कोटी येन पळवले. तो आजवर सापडला नाही. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुम्हाला हे सांगणार, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

घर ठरल्यापासून १४ दिवसांत शियाकुशोमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, पत्ता नोंदवा. त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विमा करून घ्या. वीस वर्षांवरच्या प्रत्येकाला राष्ट्रीय पेन्शनमध्येही नाव घालावं लागतं, पण विद्यार्थ्यांना हप्ता पुढं ढकलण्याची सवलत आहे. ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. मी मागितली नाही आणि दोन महिन्यांनी गठ्ठाभर चलनं पोस्टानं आली.

बँक खातं पहिल्यांदा पोस्टाच्या बँकेत काढणं सोपं. तिथं तुमचं नाव काताकाना या जपानी लिपीत लिहावं लागतं. एकदा जसं लिहाल तसंच सगळीकडे लिहा. माझ्या नावातला एक दीर्घ स्वर बँकेत होता, विद्यापीठाच्या कागदावर नव्हता. पहिल्या महिन्याचे पैसे परत गेले.

खोली बाहेर घेतलीत तर भाड्याशिवाय अनामत, आणि कुठं कुठं घरमालकाला 'भेट' म्हणून महिन्याचं भाडं, जे परत मिळत नाही. त्यामुळे पहिलं वर्ष विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी जीव तोडून अर्ज करा. कचऱ्याच्या पिशव्या शहराच्या ठरावीक, विकतच्या. फुचूची पिशवी कोगानेईत चालत नाही.

शाकाहारी असाल तर 'निकू नाशी', म्हणजे मांस नको, एवढं पुरत नाही. भाजीच्या रस्स्यातही माशाचा अर्क असतो. कुकर घरून न्या.

९. लॅब आणि दोन आवारं

लॅब हेच घर. टेबल, किल्ली, चपलांचा कप्पा मिळतो. आठवड्याला एकदा 'झेमी' होते, त्यात आपलं काम सगळ्यांसमोर मांडायचं. जुने विद्यार्थी सेनपाई. यंत्र कसं चालवायचं ते सेन्सेई नाही, सेनपाई शिकवतो. त्याला आधी विचारलं नाही तर पुढं कुणी शिकवत नाही. 'येस येस' म्हणत मान हलवू नका. आपली मान होकारासाठी आडवी हलते, तिथं तो नकार वाटतो.

विषय सांध्यावरचा असेल तर दोन्ही आवारांत ये-जा होते. सेकंड-हँड सायकल घ्या आणि पोलिसांकडची नोंदणी स्वतःच्या नावावर करून घ्या, नाहीतर रात्री अडवून चौकशी होते. नकाशावर अंतर अर्ध्या तासाचं दिसतं. फुचूहून जाताना मध्ये एक कडा लागतो, तिथले लोक त्याला 'हाके' म्हणतात. खाली नोगावा नावाची ओढ्याएवढी नदी, वर कोगानेई. जाताना दम लागतो, येताना ब्रेक. पावसाळी जूनमध्ये नमुन्यांचा डबा मागं बांधून तो चढ चढू नका, मी चढलोय.

कोगानेईच्या आवारात विद्यापीठाचं विज्ञान संग्रहालय आहे. त्याची सुरुवात १८८६ च्या रेशीम प्रयोगशाळेतल्या नमुन्यांच्या खोलीपासून झाली. प्रवेश फुकट, रविवार-सोमवार बंद. आत रेशीमपालनाची जुनी रंगीत लाकूडठशाची चित्रं आहेत, सूत काढायची लाकडी साधनं आहेत आणि आपण ज्याला एआरएम म्हणतो तसं स्वयंचलित रीलिंग यंत्रही आहे. स्वयंसेवक यंत्रं चालवून दाखवतात तो दिवस विचारून जा. मी गेलो तेव्हा एका आजोबांनी गरम पाण्यातल्या कोषांवर काडी फिरवली, धाग्याचं टोक उचललं आणि माझ्या हातात दिलं. मी घरी व्हिडिओ कॉल लावला. अण्णांनी धाग्याकडे नाही, पाण्यातल्या कोषांकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काय भाव आहे तिकडं?"

आजोबांना भाषांतर करून सांगितलं. ते खूप वेळ हसले, आणि मग म्हणाले की विकत घेणारे आता फारसे उरलेच नाहीत.

संग्रहालय पाच वाजता बंद होतं, त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचू नका. यंत्र थंड झालेलं असतं.